पुणे बरे की सुरत? गाव सोडणाऱ्याने आधी हा हिशेब मांडावा



सभा संपून सतरंज्या गुंडाळायला घेतल्या की हल्ली दोन-चार पोरे कार्यकर्त्याला बाजूला घेतात. म्हातारे कापसाचा भाव विचारतात, पावसाचे विचारतात. पोरांचा प्रश्न वेगळा असतो. "भाऊ, पुणे बरे की सुरत? नागपुरात काही जमेल का?" विचारताना आवाज खाली असतो, जणू काही गुन्हाच करायला निघाले आहेत.

आवाज खाली करण्याचे काही कारण नाही. पण उत्तर द्यायच्या आधी दोन उपदेशकांचा समाचार घेतला पाहिजे, कारण दोघे मिळून या पोरांचे डोके फिरवतात.

पहिला आपला पुढारी. लग्नात, तेरवीत, गणपतीत, जिथे माईक मिळेल तिथे तो सांगतो की काळी आई सोडू नका, गावाची हवा शुद्ध, शहर म्हणजे नरक. त्याचा एक पोरगा पुण्यात फ्लॅट घेऊन बसलेला असतो, दुसरा परदेशात, आणि काळी आई सालदाराच्या हवाली. शुद्ध हवेचे म्हणाल तर २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे गेली. ती याच शुद्ध हवेत.

दुसरा उपदेशक अर्थशास्त्राचा. तो म्हणतो, शेतीवर माणसे फार झाली, शहरात या. आकडा त्याच्याजवळ पक्का असतो. २०२३-२४ च्या सरकारी पाहणीप्रमाणे देशातल्या शंभर कामकऱ्यांपैकी ४६ शेतीत आहेत, आणि देशाच्या उत्पन्नात शेतीचा वाटा पाचव्या हिश्श्याहूनही कमी. आकडा मला मान्य आहे. पण हा गृहस्थ 'या' म्हणतो आणि ज्या दारातून जायचे त्या दाराला तीन कुलपे लावलेली आहेत, त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. त्या कुलपांकडे येतोच. आधी हिशेब.

पाच एकर कोरडवाहू धरा. चार एकर पऱ्हाटी, एक एकर ज्वारी. ज्वारी घरात खायला, कडबा बैलाला, तिचा पैसा धरत नाही. पऱ्हाटीला एकरी बियाण्याच्या दोन थैल्या. बीटीच्या थैलीचा २०२५ चा सरकारी दर ९०१ रुपये, म्हणजे १,८०० धरा. मशागत ३,५००, खत ४,०००, फवारणी २,५००, निंदण-डवरण ४,०००. उतारा साडेचार क्विंटल धरला तर वेचणी दहा रुपये किलोने ४,५००. एकरी झाले २०,३००, चार एकरांचे ८१,२००. कापूस १८ क्विंटल. मध्यम धाग्याचा २०२५-२६ चा हमीभाव ७,७१० रुपये पूर्ण मिळाला असे समजू. ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला म्हणून ग्रेडरने एक पैसा कापला नाही, हेही समजू. आले १,३८,७८०. उरले ५७,५८०. महिन्याला ४,८०० सुद्धा नाहीत. यात नवरा-बायकोची मजुरी धरलेली नाही, कर्जाचे व्याज नाही, बोंडअळी नाही, वेचणीला आलेला अवकाळी पाऊस नाही. याच पैशात तेल-मीठ, दवाखाना, पोरांची फी. तुमच्या वावराचे आकडे वेगळे असतील तर ते घाला, उत्तर फार बदलणार नाही.

आता शहर. पोरगा ठेकेदारामार्फत कंपनीत लागला. कापाकापी होऊन हातात १६,००० येतात असे धरू. खोली ४,५००, लाईट-पाणी ८००, किराणा आणि गॅस ६,५००, येणे-जाणे १,२००, पोरांची शाळा १,५००, औषधपाणी आणि मोबाईल १,५००. बेरीज करा. बरोबर १६,०००. शिल्लक शून्य.

शिल्लक राहते ती सुनेने दोन घरची धुणीभांडी धरली किंवा पॅकिंगच्या कामाला गेली तर. तिचे महिन्याला सात हजार आले तर वर्षाचे ८४,०००. म्हणजे शहरातली जी काही बचत म्हणून गावी सांगितली जाते ती बहुतेक घरात बाईच्या कष्टाची असते, आणि पोरगा दिवाळीला येऊन पारावर सांगतो की मी कमावतो. म्हणून माझे पहिले सांगणे असे की शहर निवडताना पोराचा पगार विचारू नका. तिथे बाईला काम कुठे मिळेल, ते खोलीपासून किती दूर, त्या वेळात लेकरे कोण सांभाळेल, हे विचारा. या प्रश्नाला जे शहर उत्तर देत नाही ते तुमच्या कामाचे नाही, मग तिथे मेट्रो धावो की विमान उतरो.

या मापाने पुणे वर येते. चाकण, रांजणगाव, भोसरी, हिंजवडी या पट्ट्यात पुरुषाला कंपनी आहे आणि बाईला घरकाम, कँटीन, पॅकिंग आहे. भाषा आपली, दाखले आपल्याच राज्याचे, शाळा मराठी. पुण्याचे दुखणे दोन. एक म्हणजे ठेकेदारी. सहा-सात महिने झाले की 'ब्रेक' देतात, म्हणजे घरी बसवतात आणि पुन्हा नवा म्हणून घेतात, की पोरगा कायम होण्याचा प्रश्नच उरू नये. दुसरे भाडे. कंपनी जिथे आहे तिथे खोली महाग, खोली स्वस्त तिथून कंपनी दीड तास. खोलीत चार पोरे राहत असतील तर भागते, कुटुंब नेले की वरचा हिशेब लागू होतो.

मुंबईबद्दल आपल्याकडे अजून जुन्या आठवणीवर बोलतात. ज्या मुंबईने कोकणातल्या आणि घाटावरच्या माणसाला गिरणीत घेतले ती मुंबई १९८२ च्या संपानंतर उठली नाही. गिरण्यांच्या जागेवर मॉल आणि टॉवर उभे आहेत. २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईतली शंभरातली चाळीसहून अधिक माणसे झोपडपट्टीत होती. झोपडीला संरक्षण आहे ते १ जानेवारी २००० पूर्वीच्यांना, त्यानंतर २०११ पर्यंतच्यांना पैसे भरून. आज जाणारा यात कुठेच बसत नाही. माथाडीचे काम १९६९ च्या कायद्यामुळे चांगले झाले, पण त्यातला शिरकाव नात्यागोत्यातून होतो आणि ते नाते सातारा-सांगलीकडचे. ज्याचा सख्खा माणूस तिथे पाय रोवून आहे त्याने मुंबईला जावे. बाकीच्यांनी लोकलचे फोटो पाहून समाधान मानावे.

सुरत. जळगाव-बुलढाण्याकडून तापीची रेल्वे थेट नेऊन सोडते. उधना, लिंबायत, पांडेसरा या वस्त्यांत खानदेशी माणूस इतका आहे की अहिराणीत बाजार करता येतो. १९९४ च्या प्लेगनंतर ते शहर जे झाडले गेले ते मुंबई-पुण्याने शिकावे असे आहे. पण पॉवरलूमवर बारा-बारा तासांची पाळी असते, पैसे मीटरवर, आजारी पडलात तर मीटर बंद. हिऱ्याच्या घसणीला गेल्या काही वर्षांत मंदीने ग्रासले. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. सुरतेत विणला जातो तो कापड मुख्यतः पॉलिस्टरचा. कापूसवाल्याचा पोरगा तिथे जाऊन जो धागा विणतो तोच धागा बापाच्या कापसाचे गिऱ्हाईक खातो. बाप इकडे भावासाठी आंदोलनात आणि पोरगा तिकडे रात्रपाळीत, दोघेही घामाघूम.

सुरत असो की हैदराबाद, राज्याची हद्द ओलांडली की एक कागदी तोटा होतो, तो निघण्याआधी समजून घ्या. अनुसूचित जाती-जमातीचा आपल्याकडचा दाखला दुसऱ्या राज्याच्या राखीव जागांना चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९० सालीच तसे सांगितले आहे. लेकरू तिथे शिकणार असेल तर हा तोटा बापाच्या चार पगारांपेक्षा मोठा आहे. बाकी हैदराबाद नांदेड-किनवटच्या माणसाला परके नाही. १९५६ पर्यंत अख्खा मराठवाडा त्याच राज्यात होता. बांधकामावर मिस्त्री, फरशीवाला, रंगारी असा हुन्नर हातात असेल तर तिथे मजुरी बरी. नुसता बिगारी म्हणून जाण्यात अर्थ नाही.

छत्रपती संभाजीनगरला वाळूज आहे, शेंद्रा आहे. पुण्यापेक्षा खोली स्वस्त. पण जायकवाडी उशाला असून त्या शहराच्या कित्येक वस्त्यांनी वर्षानुवर्षे नळाची वाट दिवस मोजून पाहिली. टँकर विकत घ्यावा लागला तर खोलीची स्वस्ताई कागदावरच राहते. लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, हे मराठवाड्यातल्या कोणालाच सांगायला नको.

नागपूर हे विदर्भाच्या माणसाचे सगळ्यात जवळचे शहर आणि सगळ्यात जास्त फसवणारे. जमशेटजी टाटांनी १८७७ साली तिथे एम्प्रेस मिल काढली ती आपला कापूस पाहून. आज त्या जागेवर मॉल आहे. बुटीबोरी, हिंगणा, मिहान यांची नावे प्रत्येक निवडणुकीत ऐकू येतात. अमरावतीच्या कापड पार्कची पायाभरणी २०२४ च्या सप्टेंबरात झाली. तिथे आपल्या तालुक्यातली किती पोरे कामाला लागतात ते मोजू आणि मग टाळ्या वाजवू. तरीही नागपूरच्या बाजूने एक गोष्ट आहे आणि ती लहान नाही: पेरणीला दोन दिवसांत गावी येता येते. वावर हातचे सुटत नाही.

याच कारणासाठी माझे मत विचाराल तर पहिली पायरी तालुक्याची किंवा जिल्ह्याची. अकोला, अमरावती, यवतमाळ, परभणी. आई आणि लेकरे शाळेसाठी तिथे खोली करून, बाप वावरात येऊन-जाऊन, ही पद्धत बायांनी आपल्या अकलेने शोधली आहे. कोणत्याही योजनेत ती नाही. पगार कमी मिळतो, पण गाव आणि शहर दोन्हींत एकेक पाय राहतो. दहावीनंतर पोरगा-पोरगी पुण्याला जाईल तेव्हा हातात काही शिक्षण घेऊन जाईल.

आता कुलपे.

वरच्या हिशेबात एक रक्कम मी मुद्दाम धरली नाही. कुटुंब शहरात गेले तर मागे राहिलेल्या पाच एकरांचा मक्ता यायला हवा. एकरी सहा हजार धरले तर वर्षाचे ३०,०००. खोलीचे डिपॉझिट, 'ब्रेक'च्या महिन्याचा किराणा, बाळंतपण, सगळे त्यातून निघते. शहरात कंगाल म्हणून शिरणे आणि चार पैसे पाठीशी घेऊन शिरणे, यातला फरक एवढ्या रकमेत आहे. मग लोक वावर मक्त्याने देत का नाहीत? देतात, पण तोंडी, भावकीत, एकेक वर्षासाठी, आणि पैसे बुडाले तरी बोंब मारता येत नाही. कारण कुळकायदा. मुंबई राज्याचा १९४८ चा, मराठवाड्यात हैदराबादचा १९५० चा, विदर्भात १९५८ चा. हे कायदे झाले तेव्हा त्यांची गरज होती. सावकार-मालगुजाराच्या जमिनी कसणाऱ्याला मिळाल्या, त्या कोणी परत मागत नाही. पण आज मक्त्याने देणारा हा पाच एकरवाला आहे आणि घेणारा बहुतेक वेळा ट्रॅक्टरवाला. कायदा अजून देणाऱ्यालाच जमीनदार समजतो. नीती आयोगाने २०१६ साली जमीन भाडेपट्ट्याचा नमुना कायदा करून राज्यांकडे पाठवला. त्यात मालकी मालकाची आणि करार लेखी, असे स्वच्छ मांडले होते. आपल्याकडे आजही कागद करायला माणूस धजत नाही, हे गावागावात दिसते.

दुसरे कुलूप विक्रीला. शेतजमीन शेतकऱ्यानेच घ्यायची, त्यामुळे विकणाऱ्यासमोर गिऱ्हाईक म्हणून गावातलाच एखादा सावकार किंवा पुढारी उरतो, आणि तो भाव पाडूनच मागतो. बरे, विकून एकदा सातबाऱ्यावरून नाव गेले की पुन्हा कधी वावर घ्यायचे ठरवले तर शेतकरी असल्याचा पुरावा मागतात. बाप ज्या धंद्यातून उठला त्या धंद्यात परत शिरायला पोराला बंदी. किराणा दुकान बंद केलेल्या माणसाला पुन्हा दुकान टाकायला कोणी असा दाखला मागतो काय?

तिसरे कुलूप शहराच्या दाराला. मुंबईत १९४७ साली भाडे बांधून देणारा कायदा आला आणि पुढे पन्नास वर्षांवर तो चालत राहिला. भाडेकरू उठत नाही, भाडे वाढत नाही, म्हणून गरिबासाठी चाळ बांधणे लोकांनी सोडून दिले. १९९९ च्या कायद्याने काही वाटा मोकळ्या केल्या, पण तोवर दोन पिढ्या झोपडीत गेल्या होत्या. १९४७ चा भाडेकायदा आणि १९४८ चा कुळकायदा पाठोपाठचे आहेत, आणि डोकेही एकच. खोलीवाला खोली द्यायला भितो, वावरवाला वावर द्यायला भितो. दोघांच्या मध्ये आपला पोरगा बोचके घेऊन उभा.

जुन्या लोकांना आठवत असेल, १९७२ पासून एकाधिकार खरेदी होती तेव्हा कापसाची गाडी राज्याची हद्द ओलांडू शकत नव्हती. आदिलाबादला भाव जास्त म्हणून रात्रीची गाडी काढली की नाक्यावर पोलीस. माणूस मात्र खुशाल जाऊ शकत होता. कापूस अडवायचा आणि माणसाला जाऊ द्यायचे, असे ते धोरण. आता कापसाला देशभर वाट मोकळी आहे, तर परदेशी गाठींनाही मोकळी करून देतात. १९ ऑगस्ट ते ३१ डिसेंबर २०२५ या काळात आयातीवरचे ११ टक्के शुल्क उठवले, ऐन आपला कापूस बाजारात यायच्या दिवसांत. भाव पाडायचा आणि मग अर्थशास्त्र्याला बोलावून शेतीत माणसे फार झाली असे वदवायचे, यात गंमत काय ती त्यांनाच कळो.

शहर आपल्याला किती आपले समजते हे २०२० च्या टाळेबंदीत कळले. ८ मे २०२० ला करमाडजवळ रुळावर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. मध्य प्रदेशातले होते, जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्यात कामाला, पायी भुसावळकडे निघालेले. त्या दिवसांत ज्यांचे गावात घर आणि वावर उरले होते ते परत आले आणि त्यांना निदान कणगीतली ज्वारी तरी मिळाली. म्हणून जाणाऱ्याला मी चार गोष्टी बजावून सांगतो.

सगळे वावर विकू नका. कर्ज फेडायला तुकडा विकावाच लागला तर विका, पण सातबाऱ्यावर नाव राहील एवढे ठेवाच. नवरा जाणार आणि बाई मागे राहणार असेल तर जाण्याआधी सातबाऱ्यावर तिचे नाव लावा. तिच्या नावाशिवाय तिला बँक दारात उभी करत नाही आणि भावकी बांध कोरायला लागते.

मागे राहिलेल्या वावरात पऱ्हाटी लावू नका. हे शेतीशास्त्र शिकलेला माणूस म्हणून सांगतो. पऱ्हाटी ही रोज डोळा मागणारी आहे. फुलाला गुलाबी अळी शिरली की आठ दिवसांत खेळ खलास, आणि मालक नसला की वेचणीनंतर फरदड उभी राहते, ती पुढच्या साली शेजाऱ्यालाही बुडवते. ज्वारी आणि तूर लावा. फवारणी कमी, राखण कमी, धान्य घरात आणि कडबा विकता येतो. ज्वारी सोडून सगळे शिवार पांढरे करण्याच्या नादात आपण घरची भाकर विकतची केली.

ई-पीक पाहणीचे विसरू नका. २०२१ पासून पिकाची नोंद वावरात उभे राहून मोबाईलवर करायची आहे. नोंद नसली तर हमीभावाच्या खरेदीला आणि नुकसानभरपाईला अडतो. गावातल्या भरवशाच्या माणसाकडे हे काम सोपवून जा.

रेशनचे पाहून घ्या. पिवळे किंवा प्राधान्यचे कार्ड असेल तर २०२२ पासून देशात कुठेही अंगठा लावून धान्य मिळते, दुकानदार नाही म्हणाला तरी हटू नका. मात्र आपल्या चौदा जिल्ह्यांतल्या केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांना २०२३ पासून धान्याऐवजी माणशी दीडशे रुपयांपासून रोख रक्कम सुरू झाली. त्या रकमेत पुण्यात किती गहू येतो ते पुण्याला असलेल्या पोराला विचारा.

जिल्हा बैठकीत या विषयावर ठराव घ्यायचा आहे. लेखी मक्त्याला कायद्याचे संरक्षण, मालकाच्या मालकीला धक्का नाही, मक्त्याने करणाऱ्याला पीककर्ज आणि विमा त्याच्या नावाने, आणि जमीन घेणाऱ्याला शेतकरी असल्याचा दाखला मागणे बंद, असा मसुदा आहे. शेवटच्या कलमावर भांडण होणार हे मला दिसते. कंपन्या येऊन जमिनी गिळतील अशी भीती काही जुन्या कार्यकर्त्यांना आहे. त्यांनी ती बैठकीत उभे राहून मांडावी, आपण उत्तर देऊ आणि मग हात वर करून ठरवू.

बैठकीला रिकाम्या हाताने येऊ नका. प्रत्येक गावाने यादी करून आणावी: गेल्या दहा वर्षांत किती कुटुंबे गेली, कोणत्या शहरात, काय काम, हातात किती येते, खोलीला किती जाते, बाई कामाला जाते का, मागचे वावर कोण करतो आणि मक्ता किती देतो, किती जण परत आले. वहीच्या पानावर हाताने लिहिलेली चालेल. आकडा फुगवू नका, दिवाळीला आलेल्या पोराच्या बोलण्यावर लिहू नका, त्याच्या बायकोला विचारून लिहा.